भिवपुरीच्या अंगणातील पाखरांची घरे

नेरळ मागे पडले की कर्जतकडे निघालेल्या लोकलच्या दोन बाजूंच्या खिडक्या दोन निरनिराळे देखावे दाखवू लागतात. उजवीकडे माथेरानचा डोंगर इतका जवळ येतो, की गार्बेट पठाराखालचे ओहोळ पावसाळ्यात गाडीत बसल्या बसल्या मोजता यावेत. डावीकडे भातखाचरे, त्यांपलीकडे उल्हास नदीकाठची झाडी आणि क्षितिजाला टेकलेली सह्याद्रीची मुख्य भिंत. या दोहोंमधल्या सपाटीवर भिवपुरी रोड हे लहानसे स्थानक आहे. नावातला ‘रोड’ हा शब्द रेल्वेच्या जुन्या रिवाजाचा. मूळ भिवपुरी गाव येथून बरेच दूर, पूर्वेला घाटाच्या पायथ्याशी वसले आहे. स्थानक केवळ त्या वाटेवरचे. १८५६ मध्ये लोहमार्ग कर्जतवरून खोपोलीपर्यंत पोहोचला, तेव्हापासून या खोऱ्याचा मुंबईशी रोजचा संबंध जडला. आज पावसाळ्यात आषाण्याच्या धबधब्यासाठी येथे तरुणांची झुंबड उडते. उरलेले आठ महिने स्थानक पुन्हा शांत होते.

मूळ भिवपुरीची ख्याती मात्र विजेची. सह्याद्रीच्या माथ्यावरील ठोकरवाडी धरणाचे पाणी मोठ्या नळांतून खाली आणून तेथे टाटांच्या आंध्रा व्हॅली कंपनीने १९२२ मध्ये जलविद्युत केंद्र सुरू केले. वीज मुंबईला जाते आणि काम उरकलेले पाणी उल्हास नदीला मिळते. त्यामुळे भर उन्हाळ्यात, आजूबाजूचे ओढे कोरडे ठणठणीत पडले तरी, ही नदी वाहती राहते आणि तिच्या आधाराने पाखरेही राहतात. या प्रदेशातून जाणाऱ्या वीजवाहक मनोऱ्यांच्या पायांकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. माणसाच्या उंचीच्या वर त्यांना काटेरी तारांचे वेढे घातलेले असतात. वर मोलाचे काही ठेवले, की खालून चढणाऱ्याचा विचार आधी करावा लागतो. अंगणात पाखरांसाठी पेटी टांगणाऱ्यांनी हे वेढे एकदा अवश्य पाहावेत.

गेल्या काही दशकांत नेरळ, भिवपुरी आणि कर्जत या पट्ट्यात मुंबईकरांची सुट्टीची घरे उभी राहिली. मशीद बंदर, काळबादेवी, झवेरी बाजार, घाटकोपर, मुलुंड अशा ठिकाणी पेढी सांभाळणारी कुटुंबे शनिवारी दुपारी दुकान मुलाच्या किंवा मुनीमजींच्या हवाली करून येथे येतात. अंगणात आंबा, जांभूळ, सोनचाफा लावला जातो. पाण्याची कुंडी ठेवली जाते. सकाळी ज्वारी-बाजरी टाकली जाते. आणि हल्ली बहुतेक अंगणांत एक-दोन लाकडी पेट्या टांगलेल्या दिसतात. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांनी नेचर फॉरेव्हर सोसायटीच्या माध्यमातून चिमण्यांसाठी कृत्रिम घरट्यांचा प्रसार केला आणि २०१० पासून २० मार्च हा जागतिक चिमणी दिवस म्हणून पाळला जाऊ लागला. त्यानंतर ही पेटी महाराष्ट्रात घरोघरी पोहोचली. ज्या भाषेत बाळाच्या कानावर पडणारी पहिली गोष्टच चिमणीच्या मेणाच्या घराची असते, तेथे हे स्वाभाविकच म्हणायचे.

पण शहराच्या सज्जात टांगलेली पेटी आणि डोंगराच्या पायथ्याच्या अंगणातली पेटी यांत मोठे अंतर आहे. तिसऱ्या मजल्यावर चढणारे कोणी नसते. भिवपुरीच्या अंगणात रात्रभर कोणी ना कोणी चढतच असते. आंब्याच्या बुंध्याला खिळा ठोकून टांगलेली पेटी पहिल्या वर्षी हौसेने पाहिली जाते. पाखरे काडी-कचरा नेतात, चिवचिव वाढते, मुले फोटो काढतात. मग एखाद्या शनिवारी कुटुंब परतते, तर पेटी गप्प असते. आत पिसे असतात, नाहीतर तेही नसते. अशा वेळी माळी सहजपणे सांगतो, “धामण येऊन गेली.” आणि पुढच्या वाक्यात काठीची चर्चा सुरू होते.

येथे थांबून विचार करण्याजोगी गोष्ट अशी आहे, की झाडाच्या नैसर्गिक ढोलीत घरटे करणारे पाखरू शंभर ढोल्यांतून एक निवडते. उंच, आडवळणाची, काट्यांमागची. पेटी टांगणारा माणूस हा शोध संपवून टाकतो आणि स्वतःच्या सोयीची जागा पाखराला देतो, म्हणजे स्वयंपाकघराच्या खिडकीतून नीट दिसेल अशी. पाखरू ती स्वीकारते, कारण जुनी पोकळ झाडे आता फारशी उरलेली नाहीत. त्या जागेची जबाबदारी मग टांगणाऱ्यावर येते. राखण करता येत नसेल, तर पेटी न टांगणे बरे. रिकामी फांदी कोणाला फसवत तरी नाही.

पेटीत येणारी पाखरे येथे मोजकीच. वस्तीजवळ चिमणी, झाडीच्या कडेला दयाळ, मोठे भोक असेल तर साळुंकी, आणि पेटी मोठी व निवांत असेल तर क्वचित पिंगळा. दयाळाचा नर काळा-पांढरा, शेपटी उभारून गाणारा. मार्च ते जुलै हा त्याचा विणीचा हंगाम. मादी चार-पाच निळसर, तपकिरी ठिपक्यांची अंडी घालते आणि साधारण दोन आठवडे उबवते. पुढचे दोन आठवडे पिले आतच वाढतात. हा महिनाभराचा काळ धोक्याचा. पिले मोठी होऊ लागली की आई-बाप दिवसातून असंख्य फेऱ्या मारतात, आतून भुकेचा आवाज येतो, वास येतो. चढणाऱ्यांना एवढे निमंत्रण पुरते.

चढणाऱ्यांची यादी लांब आहे, पण सगळ्यांचे सारखे महत्त्व नाही. मांजर सर्वांत घातक, आणि ते माणसानेच आणलेले असते. काळा उंदीर झाडावर सराईतपणे चढतो. उदमांजर रात्री येते. खार अंडी पळवते, कधी पेटीच बळकावून तिच्यात स्वतःची पिले वाढवते; तसे झाले तर तिला तेथेच राहू द्यावे आणि पाखरांसाठी दुसरी पेटी करावी, इतका साधा तो प्रश्न आहे. तांबड्या मुंग्यांनी मात्र नुकती फुटलेली पिले संपवलेली असतात आणि दोष सापाला लागतो. कावळा, टकाचोर, भारद्वाज हे उडत येणारे चोर वेगळे. त्यांच्यासाठी भोकाचे माप अचूक असणे हाच उपाय.

धामणीविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण मरते ती तीच. दोन मीटरपेक्षाही लांब वाढणारा हा बिनविषारी साप नागासारखा भासतो आणि त्या भासापायी जीव गमावतो. ती गाईच्या पायांना विळखा घालून दूध पिते, शेपटीच्या फटक्याने माणसाला लुळे करते, अशा कथा कोकणात अजून ऐकू येतात. साप दूध पीत नाही आणि धामणीच्या शेपटीत कसलेही विष नाही. तिचे मुख्य अन्न उंदीर आणि बेडूक. खळ्यात, कणगीशेजारी, भाताच्या बांधावर ती जेवढे उंदीर संपवते, तेवढे कोणतेही औषध संपवत नाही, आणि औषधाने मेलेला उंदीर खाऊन घुबड मरते, तसे तिच्यामुळे होत नाही. धान्याचा व्यापार केलेल्या घरांना गोदामातल्या उंदराचा हिशेब समजावून सांगण्याची गरज नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने धामणीला संरक्षणही दिले आहे. ती घरट्याकडे वळते ती वाटेत सोपे अन्न सापडले म्हणून. नागपंचमीला पाटावर हळदीने नाग काढायचा आणि त्याच श्रावणात धामण ठेचायची, या विसंगतीची आपल्याला सवय झाली आहे.

दया कोणावर करायची आणि कोणाला वगळायचे, हा पेच जीवदयेच्या कामात नवा नाही. दिल्लीत लाल किल्ल्यासमोरच्या लाल मंदिराच्या आवारातील, १९२९ मध्ये सुरू झालेल्या पक्ष्यांच्या धर्मादाय रुग्णालयाने त्यावर स्वतःचा व्यवहारी मार्ग काढला. शिकारी पक्ष्यांवर तेथे उपचार होतात, पण दुबळ्या पक्ष्यांसोबत त्यांना आत मुक्कामाला ठेवले जात नाही. मलमपट्टी दोघांना, खोली मात्र वेगळी. अंगणातल्या पेटीसाठीही हेच लागते, दोघांच्या मध्ये एक अडसर.

हा अडसर पाखरांनी माणसाआधी शोधला. रायगड जिल्ह्यातल्याच किहीम येथे डॉ. सालीम अली यांनी १९३० च्या पावसाळ्यात सुगरणींच्या वसाहतीचे बारकाईने निरीक्षण केले, आणि एकाच नराने एकामागून एक घरटी विणायची व प्रत्येकात निराळ्या मादीने संसार थाटायचा, ही त्या पाखराची रीत प्रथमच नीट समोर आली. भिवपुरीच्या परिसरातही पावसाळ्यात विहिरीवर झुकलेल्या शिंदीच्या झाडांवर, काटेरी बाभळीवर हे खोपे लोंबताना दिसतात. जागेची निवड पाहण्यासारखी असते. फांदी टोकाला बारीक, खाली पाणी किंवा काटे, घरट्याचे तोंड खाली आणि त्याला लांब विणलेली नळी. त्या झुलत्या नळीवर सापाची पकड बसणे कठीण. सुगरणीच्या कुशलतेचे कौतुक मराठीत पुष्कळ झाले. तिच्या सावधपणाचे कमी.

माणसांनीही पुढे तेच केले. जुन्या घरात लोण्याचे मडके शिंक्यावर असे, कारण आढ्यापासून दोरीने लोंबणाऱ्या वस्तूपर्यंत मांजराला चढून जाता येत नाही. शिंके तुटल्यावर बोक्याचे काय होते हे म्हणीतच आहे. दुधाच्या पातेल्याखाली पाण्याची परात ठेवणे हा मुंग्यांसाठीचा खंदक. कोकणातला बागायतदार नारळाच्या बुंध्याला माणसाच्या डोक्याच्या वर पत्र्याचा रुंद पट्टा गुंडाळतो. उंदराची नखे गुळगुळीत पत्र्यावर टिकत नाहीत आणि शहाळी वाचतात. बंदरात नांगरलेल्या जहाजांच्या दोरखंडांवर थाळीएवढ्या पत्र्याच्या चकत्या बसवतात, तीही उंदरांसाठीच. प्लेगसारख्या रोगांनी बंदरांना हा धडा दिला. मुंबईने १८९६ मध्ये त्याची किंमत मोजली आहे.

भिवपुरीच्या अंगणात हीच विद्या वापरायची. पहिली गोष्ट, पेटी झाडावरून काढून स्वतंत्र खांबावर न्यावी. झाडाची साल म्हणजे सापासाठी जिना. पोटाचे खवले तो सालीच्या खाचांत रोवतो आणि सहज वर जातो. खांब म्हणून जस्ताचा मुलामा दिलेला इंचभर जाडीचा लोखंडी पाइप पुरे. तो सिमेंटमध्ये असा रोवावा, की पेटी जमिनीपासून सात-आठ फुटांवर राहील. जवळच्या फांदीपासून, कुंपणापासून, घराच्या पागोळीपासून किमान १० फूट अंतर असावे. खार आणि मांजर यांना वरून किंवा बाजूने उडी मारता आली, तर खालचा सारा बंदोबस्त व्यर्थ.

नुसता गुळगुळीत पाइप पुरत नाही. धामण त्याला वेढे देऊन वर सरकते. म्हणून पाइपावर पेटीच्या खाली पत्र्याचे नळकांडे अडकवावे लागते. आठ इंच रुंद आणि अडीच ते तीन फूट लांब. खालचे तोंड उघडे, वरचे बारीक जाळीने बंद. पाइप त्याच्या मधोमध जातो. चढणारा प्राणी पाइपाने वर येतो तो नळकांड्याच्या आत शिरतो, वर जाळी लागते आणि त्याला आल्या वाटेने उतरावे लागते. बाहेरून चढावे तर पाइपापासून नळकांड्याच्या बाहेरच्या अंगापर्यंत पोहोचायला आधार नसतो आणि आठ इंच घेराला कवेत घेणे उंदराला वा मांजराला जमत नाही. त्याला कोणतीही इजा होत नाही. तो फक्त उपाशी पण जिवंत परत जातो, आणि कदाचित गोदामाकडे वळतो. नळकांड्याचे वरचे तोंड जमिनीपासून पाच फुटांच्या वर हवे, नाहीतर मांजर ते उडीतच ओलांडते. पाइपाला घट्ट न कसता ते थोडे हलते ठेवले तर अधिक चांगले. डगमगणाऱ्या वस्तूवर चढणाऱ्याचा विश्वास बसत नाही. कर्जत किंवा नेरळच्या बाजारात पत्र्याचे काम करणारा कोणीही कारागीर हे अर्ध्या दिवसात करून देईल. काय आहे हे समजावून सांगताना ‘डब्याचे तळ नसलेले पिंप’ म्हटले की त्याला चटकन कळते.

पेटीतही काही गोष्टी सुधाराव्या लागतात. बाजारातल्या रंगीत पेट्यांना भोकाखाली एक काडी असते, पाखराने बसावे म्हणून. पाखराला तिची गरज नसते. ढोलीला काय काडी असते? तिचा उपयोग पंजा टेकणाऱ्याला होतो. ती काढून टाकावी. चिमणीसाठी भोक सव्वा इंचाचे, दयाळासाठी पावणेदोन ते दोन इंचांचे. त्याभोवती पत्र्याची चौकट ठोकली तर खारीला ते कुरतडून मोठे करता येत नाही. भोकापासून तळापर्यंत सहा इंच तरी खोली हवी, म्हणजे मांजराचा पंजा आत पोहोचला तरी पिलांपर्यंत जाणार नाही. भोकावर आणखी एक जाड लाकडी ठोकळा, त्याच मापाचे भोक पाडून, बसवला तर पंजाला आत वळताच येत नाही. छप्पर पुढे चार इंच आलेले असावे. भिवपुरीचा पाऊस तिरका येतो.

इतके केल्यावरही खात्री देता येत नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. प्रशांत महासागरातील ग्वाम बेटावर दुसऱ्या महायुद्धानंतर जहाजांतून एक तपकिरी वृक्षसर्प येऊन पोहोचला आणि त्याने तेथील रानपाखरांच्या बहुतेक जाती संपवल्या. उरलेल्या साळुंकीच्या कुळातील एका पक्ष्यासाठी संशोधकांनी पेट्या लावल्या आणि खांबांवर वर सांगितले तसेच आठ इंची, तीन फुटी नळकांडे बसवले. साप त्यावरही चढले. रात्रीच्या चित्रीकरणात दिसले ते कोणी पूर्वी पाहिले नव्हते. सापाने नळकांड्याभोवती स्वतःच्या शरीराचाच फास टाकला, तो आवळला आणि त्या फासातल्या लहान लहान वळणांच्या आधारे तो इंच इंच वर सरकला. मध्ये थांबला, घसरला, धापा टाकू लागला, पुन्हा चढला. जानेवारी २०२१ मध्ये हे निरीक्षण प्रसिद्ध झाले, तेव्हा सापांच्या चालीच्या माहीत असलेल्या चार प्रकारांत पाचव्याची भर पडली. आपल्याकडील मांजऱ्या साप याच वंशातला. तो अंगाने सडपातळ आणि लांबीला बराच कमी आहे, त्यामुळे आठ इंची नळकांड्याला फास टाकणे त्याच्या आवाक्यातले दिसत नाही. पण निसर्गात आजचा अडसर उद्याही चालेल असे गृहीत धरून कोणी झोपू नये. तेथील उपायही मोठा सोपा होता: घेर वाढवायचा. फास टाकता येणार नाही इतका रुंद शंकू केला, की सापाचा दोर अपुरा पडतो.

सोपे म्हणून जे उपाय सर्रास केले जातात, ते मात्र वाईट आहेत. खांबाला ग्रीस किंवा जळके तेल फासले की ते पाखरांच्या पिसांना लागते, पिसे चिकटतात आणि भिजलेले पाखरू थंडीने मरते. शिवाय पहिल्या पावसात ते धुऊन जाते. चिकट कागदावर उंदराआधी दयाळ सापडतो. खांबाभोवती मासेमारीची जुनी नायलॉन जाळी गुंडाळणे तर क्रूरच. साप तिच्यात अर्धा शिरतो, खवल्यांमुळे मागे फिरता येत नाही आणि दोन दिवस धडपडत मरतो. आठवडाभर घर बंद असलेल्या अंगणात हे कोणाला दिसतही नाही. जाळीत अडकलेला साप सापडलाच, तर सर्पमित्राला बोलवावे किंवा वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. कात्रीने स्वतः कापायला जाऊ नये.

दाण्यांविषयीही एक गोष्ट जपावी लागेल. सकाळी टाकलेली मूठभर ज्वारी पाखरे दुपारपर्यंत संपवतात. श्रद्धेने पसाभर टाकलेली संध्याकाळपर्यंत पडून राहते आणि रात्री उंदीर येतात. उंदरामागे धामण येते आणि धामणीला वर पेटी दिसते. तेव्हा दाणे पेटीपासून दूर, अंगणाच्या दुसऱ्या टोकाला, तेवढेच टाकावेत जेवढे सूर्यास्तापूर्वी उचलले जातील; उरलेले झाडून घ्यावेत. बंद घराच्या दिवसांत माळ्याला पोतेभर धान्य देऊन ‘रोज टाकत जा’ सांगण्यापेक्षा पाण्याची कुंडी भरायला सांगणे पाखरांच्या अधिक उपयोगाचे.

पावसाळ्यात भिवपुरीत सगळ्यावर शेवाळ चढते, पत्र्यावरही. गुळगुळीतपणा गेला की पकड मिळते. जुलैत आणि सप्टेंबरात एकदा ओल्या फडक्याने नळकांडे पुसून घ्यावे, वाढलेल्या फांद्या छाटाव्यात, वर चढू पाहणारी वेल मुळाशी तोडावी. वेल हाही जिनाच आहे. ऑक्टोबरात भात पिवळे पडते, तेव्हा पेटी उतरवायची, जुने घरटे काढायचे, आतून उकळते पाणी फिरवून उन्हात वाळवायची. साबण किंवा फवारा नको. जुन्या घरट्यात गवताबरोबर दोऱ्याचे तुकडे, कोंबडीची पिसे, कधी नारळाच्या शेंडीचे धागे सापडतात. त्याच सुमारास खाचरांत कापणी सुरू होते, आणि बांधावर उंदरांची बिळे शोधत धामणी उन्हात हिंडू लागतात.